कंसातले वाक्य

प्रश्न : मी ४२ वर्षांची असून एका मोठ्या कंपनीत संगणकयंत्रणा चोवीस तास सुरू ठेवणाऱ्या विभागाची प्रमुख आहे. माझ्या हाताखाली ११ जण काम करतात. गेली दोन वर्षे मी सतत दमलेली असते. सकाळी उठतानाच अंग जड असते, दुपारी तीनच्या सुमारास डोके चालेनासे होते आणि दोन जिने चढले तरी दम लागतो (पाळीतला रक्तस्रावही दीड वर्षापासून बराच वाढला आहे, पण ते वयामुळे असावे). आठवड्यातून चार रात्री परदेशातल्या सहकाऱ्यांबरोबर कॉल असतो आणि तो साडेअकराच्या पुढेच संपतो. तीन वर्षांपूर्वी एका अडचणीच्या वेळी मीच तो सुरू केला होता. व्यायामशाळेचे वर्षाचे शुल्क मी दोनदा भरले, पावले मोजणारे घड्याळ घेतले, तीनदा पहाटे चालायला सुरुवात केली. तिन्ही वेळा तीन आठवड्यांच्या आत सारे सुटले. दोन वर्षांपूर्वी कंपनीच्या तपासणीत हिमोग्लोबिन १०.४ आले होते आणि तीन महिन्यांनी पुन्हा तपासा, असे सांगितले होते. ते राहूनच गेले. यंदाचा अहवाल ई-मेलवर आला आहे, तो उघडायचा धीर होत नाही. नवरा रोज झोपेची आठवण करून देतो आणि मी त्याच्यावर चिडते. कामात माझ्याइतके जबाबदार कोणी नाही, असे वरिष्ठ म्हणतात. मग स्वतःच्या बाबतीत मी इतकी बेजबाबदार कशी? दोष माझा की कंपनीचा? मला शिस्त लागेल असा एखादा कडक कार्यक्रम सांगा. सोबत गेल्या बुधवारचा दिनक्रम जोडला आहे.

उत्तर :

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातले सर्वांत महत्त्वाचे वाक्य तुम्ही कंसात टाकले आहे. व्यायामशाळा, घड्याळ, कॉल, नवरा या सगळ्यांना तुम्ही पूर्ण वाक्ये दिलीत आणि दीड वर्ष वाढलेला रक्तस्राव मात्र जाता जाता ‘वयामुळे असावे’ म्हणून निकालात काढलात. मी बरीच वर्षे डॉक्टरकी करते आहे. खुर्चीत बसून दहा मिनिटे सविस्तर बोललेला रुग्ण उठून दारापाशी जातो आणि कडीवर हात ठेवून ‘हां, आणखी एक, तसे किरकोळच आहे’ असे म्हणून जे सांगतो, त्यासाठी त्याला पुन्हा खुर्चीत बसवावे लागते, हा माझा नेहमीचा अनुभव आहे. तुमचा कंस त्याच जातीचा आहे, म्हणून शिस्तीच्या प्रश्नाकडे थोड्या वेळाने येऊ.

गर्भवती नसलेल्या प्रौढ स्त्रीच्या रक्तात दर डेसिलिटरमागे १२ ग्रॅमपेक्षा कमी हिमोग्लोबिन असेल, तर जागतिक आरोग्य संघटनेच्या निकषानुसार तो रक्तक्षय समजला जातो. तुमचे १०.४ होते, ‘जरासे कमी’ म्हणून सोडून देण्याजोगा तो आकडा नव्हता. फुप्फुसांत घेतलेला प्राणवायू स्नायूंपर्यंत आणि मेंदूपर्यंत हिमोग्लोबिन वाहून नेते, ते तयार होण्यासाठी लोह लागते आणि रक्त जाते तेव्हा त्याच्याबरोबर लोहही जाते. शरीर आधी साठवणीतले लोह काढून वापरते. त्या काळात फेरिटिनची तपासणी केली तर साठवण आटत चाललेली दिसते, पण हिमोग्लोबिन मात्र ठीक असते आणि तरीही माणसाला थकवा जाणवू शकतो. साठवण संपली की मग हिमोग्लोबिन उतरू लागते. तुमचे ते दोन वर्षांपूर्वीच उतरलेले होते आणि त्यानंतर सहा महिन्यांनी रक्तस्राव वाढला, असे तुमच्याच तारखा सांगतात. या दोन तारखा शेजारी शेजारी ठेवल्या, तर जिन्यात लागणारा दम आणि सकाळचे जड अंग यांत गूढ असे फारसे उरत नाही. चाळिशीनंतर संप्रेरकांच्या चढउतारांमुळे पाळीत अधिक रक्त जाऊ शकते हे खरे आहे. पण गर्भाशयातल्या गाठींमुळे, थायरॉइडच्या विकारामुळे आणि आणखीही काही कारणांनी ते जाऊ शकते, आणि यांतले तुमचे कारण कोणते, हे घरी बसून ठरवता येत नाही. ‘वयामुळे असावे’ असा अंदाज तुम्ही केलात, कारण तो केला की तपासणी टाळता येते. हे मी कठोरपणे लिहीत आहे याची मला जाणीव आहे, पण तुम्ही कडक काहीतरी मागितले होते.

तेव्हा पहिले काम म्हणजे तो ई-मेल उघडणे आणि स्त्रीरोगतज्ज्ञांची वेळ घेणे. रक्तगणना आणि फेरिटिन यांच्या जोडीला थायरॉइडसाठी टीएसएच, बी-१२ जीवनसत्त्व आणि रक्तातली साखर यांची तपासणी करून घ्यावी का, हे त्यांना विचारा; दीर्घकाळच्या थकव्यात या गोष्टी बहुधा पाहिल्या जातातच. झोपेत तुम्ही घोरता का, मध्येच श्वास अडकल्यासारखा होतो का, हे नवऱ्याला विचारून ठेवा आणि डॉक्टरांना सांगा, कारण झोपेत श्वास वारंवार थांबत असेल तर आठ तास अंथरुणात काढूनही माणूस थकलेलाच उठतो. लोहाच्या गोळ्या सुरू झाल्या, तर एक गोष्ट लक्षात ठेवा : हिमोग्लोबिन पदावर आल्यानंतरही, साठवण भरून निघावी म्हणून, सहसा आणखी तीनेक महिने त्या घ्याव्या लागतात आणि बहुतेक लोक बरे वाटू लागताच त्या सोडतात. दरम्यान तासाला एक पॅड भिजू लागला, बसल्या जागी धाप लागली, छातीत दुखले किंवा चक्कर येऊन पडायला झाले, तर घेतलेल्या वेळेची वाट न पाहता त्याच दिवशी रुग्णालयात जा.

आता शिस्तीविषयी. रक्तात प्राणवायू वाहून नेणारे द्रव्यच कमी असताना पहाटे चालण्याचा नेम तीन आठवडेसुद्धा टिकला नाही, याला तुम्ही बेजबाबदारपणा म्हणता. माझ्या मते तुम्ही तीनदा प्रयत्न केलात हेच नवल आहे. मात्र तीन महिन्यांनी करायची तपासणी दोन वर्षे झाली नाही, हे तुमच्याकडेच येते. पहिल्या गोष्टीबद्दल तुम्ही स्वतःला भरपूर बोल लावून घेतलात आणि दुसरी ‘राहूनच गेले’ या कर्ताहीन क्रियापदात लपवलीत. जबाबदारी आणि दोष यांची तुमच्या मनात झालेली गल्लत मला इथे दिसते. ज्यात तुमचा इलाज नव्हता तिथे तुम्ही दोष घेतलात आणि जिथे एक दूरध्वनी पुरला असता तिथे जबाबदारी घेतली नाहीत.

ही गल्लत तुम्ही कामावर करत नाही, आणि म्हणूनच मला तुमच्याबद्दल आशा वाटते. यंत्रणा बंद पडली की तुमच्याकडे बैठक घेऊन आरसीए, म्हणजे बिघाडाचे मूळ कारण शोधणारा अहवाल, लिहिला जातो, हे मला ठाऊक आहे, कारण रुग्णालयांतही काही विपरीत घडले की आम्ही तशाच बैठकीला बसतो. नीट चालवलेल्या बैठकीचा पहिला संकेत असा असतो की, चूक कोणाची हे आधी विचारायचे नाही. काय घडले, किती वाजता घडले, त्या क्षणी समोर कोणती माहिती होती, कोणता इशारा आला होता आणि तो कोणापर्यंत पोहोचला नाही, हे ओळीने मांडायचे. दुसरा संकेत अधिक कडक असतो. ‘यापुढे काळजी घेऊ’ हा उपाय मान्य केला जात नाही. हाताखालच्या कोणी कारणाच्या रकान्यात ‘दुर्लक्ष’ आणि उपायाच्या रकान्यात ‘अधिक लक्ष देणार’ असे लिहून आणले, तर तुम्ही तो कागद परत पाठवाल; दुर्लक्ष का झाले, पुढच्या वेळी ते होऊ नये म्हणून यंत्रणेत कोणता बदल केला, तो कोण करणार आणि कोणत्या तारखेला, असे विचाराल. स्वतःच्या प्रकृतीबाबत मात्र गेली दोन वर्षे तुम्ही ‘दुर्लक्ष’ आणि ‘अधिक लक्ष देणार’ एवढाच अहवाल स्वतःला सादर करत आहात आणि तो मंजूरही करत आहात. कडक कार्यक्रम मागणे हा त्या अहवालाचाच पुढचा भाग आहे. कार्यक्रम मिळाला की पहिले दहा दिवस उत्साहात जातात, अकराव्या दिवशी रात्री कॉल लांबतो, बाराव्या दिवशी पहाटे उठवत नाही आणि तेराव्या दिवशी आपण आरंभशूर आहोत याची आणखी एक खात्री पटते.

हे मी वरच्या पायरीवर उभी राहून सांगत नाही. दिवसभर इतरांच्या दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजणाऱ्या मी, सलग दोन वर्षे, तोच पट्टा स्वतःच्या दंडाला एकदाही बांधला नव्हता. उपकरण माझ्या टेबलावर, माझ्या उजव्या हाताशी होते, त्यामुळे वेळ मिळाला नाही असे म्हणायचीही सोय नव्हती. शेवटी एका कनिष्ठ सहकाऱ्याने, नवे यंत्र बरोबर चालते का पाहू, या निमित्ताने माझा दंड पुढे ओढला आणि आकडा आला १५२ वर ९६. त्या दिवशी मला लाज वाटली, पण तिचा उपयोग शून्य झाला. लाज संध्याकाळपर्यंत ओसरली. उपयोग झाला तो दर सोमवारी पहिला रुग्ण आत येण्यापूर्वी पट्टा माझ्या दंडाला बांधून आकडा वहीत लिहायचा, या ठरावाचा. त्याला इच्छाशक्ती लागत नाही, फक्त सोमवार यावा लागतो.

आता तुमचा बुधवार घेऊ. तो तुम्ही पत्राबरोबर जोडलात, हे फार चांगले केलेत. त्यात लिहिले आहे : पावणेबाराला कॉल संपला, एकला झोप लागली, सहाला उठले, दिवसभरात चार कॉफ्या, शेवटची सहा वाजता, दुपारचे जेवण पडद्यासमोर, तीन वाजता ‘मेंदू बंद’, रात्री आठला मुलीवर विनाकारण ओरडले, साडेनऊला पुन्हा कॉल. टोयोटाच्या कारखान्यांतून आलेली ‘पाच वेळा का विचारा’ ही पद्धत तुमच्या क्षेत्रात रुळलेली आहे, तीच इथे वापरून पाहू. तीन वाजता मेंदू बंद का पडला? दुपारी सजगता थोडी उतरते, ती शरीराच्या अंतर्गत घड्याळामुळे सर्वांचीच उतरते. पण तुमची कोसळली, कारण रक्तक्षय आहे आणि झोप पाच तासांची झाली होती. झोप पाच तासांची का झाली? कॉल उशिरा संपला म्हणून, असे तुम्ही म्हणाल, परंतु कॉल पावणेबाराला संपला आणि झोप एकला लागली. मधला सव्वा तास कुठे गेला? तुम्हीच लिहिले आहे : ‘अंधारात पडून फोन पाहत होते, काही विशेष नाही.’ का पाहत होतात? या प्रश्नाचे उत्तर दिनक्रमात नाही, पण सकाळी सहापासून रात्री पावणेबारापर्यंतच्या नोंदी पुन्हा वाचल्या तर ते सापडते. त्या पावणेअठरा तासांत कोणीही तुमच्याकडे काहीही मागत नाही, अशी एकही नोंद नाही. दिवसातला तुमचा स्वतःचा असा वेळ फक्त तो सव्वा तास होता आणि तो तुम्ही झोपेतून काढून घेतलात.

मूळ कारण हे आहे, असे मला वाटते. म्हणून ‘रात्री फोन लांब ठेवा’ हा सर्वत्र दिला जाणारा सल्ला मी तुम्हाला एकटा देणार नाही. तो वेळ काढून घेतला आणि त्याच्या जागी दुसरा दिला नाही, तर तुम्ही चौथ्या दिवशी फोन परत उशाशी आणाल आणि तसे करण्यात तुमचे फारसे चुकणारही नाही. तो वेळ दिवसाच्या उजेडात आणावा लागेल. संध्याकाळी काम थांबवणे आणि घरचे काम सुरू करणे यांच्यामधली पाऊण तासाची जागा आठवड्यातून चार दिवस तुमच्या नावावर असेल, त्या वेळात तुम्ही गच्चीवर बसलात, चाललात किंवा तोच फोन पाहत लोळलात तरी कोणी विचारणार नाही, असे घरात बोलून ठरवा. मुलीलाही त्यात सामील करा. आठ वाजताच्या ओरडण्याचा हिशेब तिच्याशी तसाही करायचा राहिला आहे.

झोपेबद्दल थोडे अधिक लिहिते, कारण ‘पाच-साडेपाच तासांची मला सवय आहे’ असे वाक्य तुमच्या दिनक्रमाच्या खाली आहे. पेनसिल्व्हेनिया विद्यापीठातल्या संशोधकांनी २००३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका प्रयोगात निरोगी माणसांना सलग १४ रात्री ठरावीक तासच झोपू दिले. रोज सहा तास किंवा त्याहून कमी झोपणाऱ्यांची एकाग्रता आणि स्मरणशक्ती दिवसागणिक घसरत गेली आणि पंधरवड्याच्या शेवटी ती एक-दोन रात्री अजिबात न झोपलेल्या माणसाइतकी खालावली होती. माझ्या मते त्यातला खरा धडा वेगळाच आहे : आपल्याला किती झोप येते आहे, असे त्यांना रोज विचारले जात होते आणि पहिल्या काही दिवसांनंतर त्यांची उत्तरे फारशी बदलली नाहीत. कामगिरी घसरत होती, पण घसरण त्यांना जाणवत नव्हती. सवय होते ती दमलेले असण्याची, आणि एकदा ती झाली की आपली साक्ष आपल्याच बाबतीत विश्वासाची राहत नाही. इशारा देणारी घंटाच बंद पडलेल्या यंत्रणेवर तुम्ही किती भरवसा ठेवाल, हे तुम्हाला सांगायला नको. प्रौढ माणसाला रात्री किमान सात तास झोप हवी, असे २०१५ मध्ये झोपेच्या क्षेत्रातल्या दोन अमेरिकी वैद्यकीय संस्थांनी एकत्रितपणे सांगितले आहे. मनगटावरच्या घड्याळाने झोपेला दिलेले गुण पाहू नका, अंथरुणात किती वाजता शिरलात आणि किती वाजता उठलात एवढेच लिहा.

शेवटची कॉफी सहा वाजता हेही जमणार नाही. निरोगी प्रौढाच्या शरीरातले निम्मे कॅफीन बाहेर पडायला साधारण पाच तास लागतात. काहींना कमी, काहींना बरेच अधिक. म्हणजे सहाच्या कॉफीतले निम्मे अकरा वाजता आणि पावभाग पहाटे चारला तुमच्या रक्तात असू शकतो. दिवसभर मेंदूत साचत जाणारे आणि झोप आणणारे ॲडेनोसिन जिथे आपला निरोप पोहोचवते, त्या जागा कॅफीन अडवून बसते. थकवा तेवढाच राहतो, त्याची वर्दी तेवढी पोहोचत नाही. त्यातच कॉफी जेवणासोबत किंवा लोहाच्या गोळीसोबत घेतली तर लोहाचे शोषणही घटते. दुपारी एकनंतर कॉफी बंद करा; पहिला आठवडा डोके दुखेल, तिची आठवण येईल, चिडचिड होईल आणि मग ते थांबेल.

व्यायामाविषयी मी आत्ता मुद्दामच थोडक्यात लिहिते. आठवड्याला १५० ते ३०० मिनिटे मध्यम हालचाल आणि दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम, अशी जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस आहे, आणि सलग दहा मिनिटांपेक्षा कमी हालचाल धरू नये, ही जुनी अट २०२० मध्ये काढून टाकण्यात आली, त्यामुळे बैठकांमधली चार-चार मिनिटेही खात्यात जमा होतात. पण हिमोग्लोबिन पदावर येईपर्यंत तुम्ही पहाटेचा नेम करू नये, असे माझे मत आहे. दुपारच्या जेवणानंतर दम न लागता जमेल तेवढे चाला, पडद्यासमोर जेवू नका, बाकी तीन महिन्यांनी पाहू. तेव्हा पुन्हा सुरुवात कराल तेव्हा ‘२१ दिवसांत सवय लागते’ या लोकप्रिय समजुतीला थारा देऊ नका. लंडनमध्ये झालेल्या आणि २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात एखादी साधी कृती अंगवळणी पडायला मध्यक हिशेबाने ६६ दिवस लागले आणि माणसागणिक हा काळ १८ ते २५४ दिवसांपर्यंत पसरलेला होता. मधला एखादा दिवस चुकल्याने फारसे बिघडतही नव्हते. तीन आठवड्यांत तुमची सवय सुटली असे तुम्ही लिहिता, पण ती तोवर लागलेलीच नव्हती.

आता तुमचा मूळ प्रश्न, दोष माझा की कंपनीचा. कंपनीचा वाटा मी नाकारणार नाही. आठवड्याला ५५ तास किंवा त्याहून अधिक काम करणाऱ्यांना, ३५ ते ४० तास काम करणाऱ्यांच्या तुलनेत, पक्षाघाताचा धोका सुमारे ३५ टक्क्यांनी आणि हृदयाच्या रक्तवाहिन्यांच्या आजाराने मृत्यू येण्याचा धोका सुमारे १७ टक्क्यांनी अधिक असतो, असे जागतिक आरोग्य संघटना आणि आंतरराष्ट्रीय कामगार संघटना यांनी २०२१ मध्ये मिळून सांगितले. कामामुळे येणाऱ्या दीर्घ ताणातून उद्भवणाऱ्या ‘बर्नआउट’ची नोंद आजारांच्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरणाच्या अकराव्या आवृत्तीत आहे आणि तिथे ती आजार म्हणून केलेली नाही, काम-धंद्याशी निगडित अवस्था म्हणून केलेली आहे. व्यक्तीने श्वासाचे व्यायाम करावेत आणि कामाचे तास तसेच राहावेत, ही आजकाल अनेक ठिकाणी चालणारी सोयीची व्यवस्था मला पटत नाही. जो भार एका माणसाला झेपणार नाही, तो त्याने उत्तम प्रकारे स्वतःची काळजी घेऊनही झेपणार नाही.

पण तुमच्या बाबतीत कंपनी म्हणजे कोण? रात्रीचा कॉल तीन वर्षांपूर्वी एका अडचणीच्या वेळी तुम्हीच सुरू केलात. ती अडचण संपल्याला किती काळ लोटला, हे पत्रात नाही. तुमच्या ११ जणांपैकी जे कोणी त्या कॉलवर असतात, त्यांच्या घरीही पावणेबारानंतरचा सव्वा तास असेल, त्यांच्याही उशाशी फोन असेल, आणि त्यांच्यापैकी एखादा दुसऱ्या एखाद्या सदराला पत्र लिहून ‘दोष माझा की कंपनीचा’ असे विचारत असेल, तर त्या पत्रातली कंपनी तुम्ही आहात. हे तुम्हाला टोचावे म्हणून लिहीत नाही. वरिष्ठांकडे जाऊन ‘मला झेपत नाही’ असे म्हणणे तुम्हाला जड जाते, हे तुमच्या पत्राच्या सुरावरून दिसते. पण ‘माझ्या विभागाच्या रात्रीच्या कॉलचा आढावा घेतला, चारपैकी दोन लेखी निरोपावर भागतात आणि उरलेल्या दोनची गैरसोयीची वेळ दोन्ही कार्यालयांनी आलटून पालटून घ्यावी’ असे म्हणणे हे तर तुमचे रोजचे काम आहे. ते करायला कोणाची परवानगी लागेल, तेवढीच मागा. नकार मिळाला, तर तो लेखी घ्या. मग कंपनीचा वाटा किती, या प्रश्नाला आपल्याकडे एक ठोस कागद असेल आणि पुढचे पत्र त्यावर लिहिता येईल.

राहता राहिला तुमचा नवरा. तो रोज आठवण करतो आणि तुम्ही रोज चिडता, कारण झोपायचे कधी याची पहारेदारी तुम्ही न बोलता त्याच्याकडे दिलीत आणि तो ती करू लागला की तुम्हाला ती टोचते. त्याला त्या कामातून मोकळे करा. त्याऐवजी एक नेमके काम सांगा : दर रविवारी रात्री त्याने तुम्हाला एकदाच विचारायचे, आठवड्यातल्या किती रात्री साडेबाराच्या आत दिवा मालवला, आणि तुम्ही आकडा सांगायचा. सबब नको, उपदेश नको, त्याच्याकडून आणि तुमच्याकडूनही. आकडा दोन असेल तर दोन. साडेबारा ही वेळ मी मुद्दाम सैल ठेवली आहे. कॉल कमी झाले की ती साडेदहावर आणू, आणि तोवर सकाळी सहाऐवजी सातला उठण्याची सोय होते का, तेही घरात पाहा.

आणि तो अहवाल. हे पत्र छापून येईल त्या दिवशी तो उघडा, एकटीने नको. नवऱ्याला शेजारी बसवा आणि त्यातला हिमोग्लोबिनचा आकडा मोठ्याने वाचा. तो १२ च्या खाली असेल, तर त्याच बैठकीत दवाखान्यात फोन करून वेळ घ्या आणि ती कार्यालयाच्या दिनदर्शिकेत घाला, ‘व्यक्तिगत’ असे मोघम न लिहिता ‘डॉक्टर’ असे लिहून, म्हणजे तिच्यावर कोणी बैठक ठेवणार नाही आणि तुम्हीही ठेवणार नाही. रक्त द्यायला सकाळी जावे लागेल. त्या दिवशीची पहिली बैठक आजच तासभर पुढे ढकला. डॉक्टरांसमोर बसलात की मला कंसात लिहिलेले वाक्य त्यांना सर्वांत आधी सांगा.